कूर्स क्लासिक: कोलोरॅडोतल्या एका सायकल शर्यतीबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

रविवारी पहाटे लोणावळ्याकडे निघणाऱ्या आमच्या सायकल मंडळींमध्ये कधीतरी या शर्यतीचा विषय निघाला आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. काही प्रश्न अगदी सुरुवातीचे, काही खाचाखोचा काढणारे. तेच उत्तर दहा वेळा टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

1. कूर्स क्लासिक म्हणजे नेमकी कुठली शर्यत? मी तर टूर द फ्रान्सशिवाय नावच ऐकलेलं नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बोल्डर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे 1975 मध्ये एक छोटी सायकल शर्यत सुरू झाली आणि 1988 मध्ये बंद पडली. एकूण 14 वेळा झाली. पहिली पाच वर्षं तिचं नाव रेड झिंगर, पुढची नऊ वर्षं कूर्स क्लासिक. ऐन भरात होती तेव्हा ती दोन आठवडे चालायची, अनेक राज्यांतून जायची, आणि टूर द फ्रान्स, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या तिघींच्या पाठोपाठ जगातली चौथी मोठी शर्यत म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. सायकल हे लहान मुलांचं खेळणं असं समजणाऱ्या देशात हे घडलं, म्हणून तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

2. ‘रेड झिंगर’ हा चहा आहे ना? शर्यतीला चहाचं नाव कसं काय?

चहाच आहे, पण त्यात चहाची पत्ती नाही. बोल्डरमध्ये मो सीगल नावाच्या तरुणाने 1969 मध्ये मित्रांबरोबर डोंगरातल्या वनस्पती गोळा करून विकायला सुरुवात केली. त्यातून सेलेस्टियल सीझनिंग्ज ही कंपनी उभी राहिली. तिचा सर्वांत गाजलेला काढा म्हणजे रेड झिंगर. त्याचा लाल रंग आणि आंबटपणा येतो तो जास्वंदाच्या कुळातल्या लाल अंबाडीमुळे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना अंबाडी काय असते ते सांगायला नको.

सीगल स्वतः सायकलवेडा होता. कंपनीची जाहिरात सायकल शर्यतीतून केली तर गावालाही मजा आणि मालालाही नाव, असा सरळ हिशेब. पहिल्या वर्षी पुरुषांत जॉन हॉवर्ड जिंकला, दुसऱ्या वर्षीही तोच. तेव्हाची अमेरिकी शर्यत म्हणजे हौशी खेळाडू, स्वतःच्या गाडीच्या टपावर बांधलेली सायकल आणि रात्री कुणाच्या तरी घरी मुक्काम. आपल्याकडच्या शर्यतीत धावलेल्या कुणालाही हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

3. मग रेड झिंगर आणि कूर्स क्लासिक या एकच शर्यत धरायच्या की दोन?

एकच. आयोजनाचा धागा, गाव, मार्ग, खेळाडू सगळं सलग चालू राहिलं, फक्त दाराची पाटी बदलली. काही जुन्या लेखांत 1980 हे ‘पहिलं वर्ष’ म्हणून छापलेलं दिसतं. ते कूर्स या नावाचं पहिलं वर्ष, शर्यतीचं सहावं.

4. शर्यत एका डॉलरला विकली गेली हे खरं की दंतकथा?

खरं आहे. शर्यत मोठी होऊ लागली तशी ती चहाच्या कंपनीला झेपेना. प्रसिद्धीचं काम पाहणारा मायकल एझनर नावाचा माणूस होता. सीगलने शर्यत त्याला एका डॉलरला देऊन टाकली. आपल्याकडे बक्षीसपत्र करताना नावापुरता रुपया लावतात, त्यातलाच प्रकार.

पण त्या एका डॉलरमध्ये एझनरला काय मिळालं ते बघा. मैदान नाही, तिकीटखिडकी नाही, मालकीचा एक मीटरही रस्ता नाही. मिळालं ते एक नाव, काही मार्गांचे नकाशे, गावोगावच्या ओळखी आणि दर उन्हाळ्यात उभा राहणारा खर्च. त्याने बोल्डरपासून थोड्याच अंतरावर असलेल्या गोल्डन गावातल्या कूर्स या बिअर कंपनीचं दार ठोठावलं आणि 1980 पासून शर्यत त्यांच्या नावाने धावू लागली. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. प्रश्न 15 चं अर्धं उत्तर इथेच आहे.

5. बिअरचं नाव खेळाला? तेव्हा कुणी आक्षेप घेतला नाही का?

अमेरिकेत बिअर आणि खेळ यांचं नातं जुनं आहे, त्यामुळे त्या मुद्द्यावर फारसं काही झालं नाही. कूर्सची अडचण वेगळीच होती. 1977 च्या संपानंतर कामगार संघटनांनी तिच्या बिअरवर बहिष्कार घातला होता आणि तो 1987 पर्यंत चालला. घरच्याच राज्यात आपल्याबद्दल चांगलं बोललं जावं ही कंपनीची गरज होती आणि उन्हाळ्यात गावोगाव मोफत तमाशा दाखवणारी शर्यत त्या कामी आली असणार. हा माझा तर्क. कंपनीने असं कधी जाहीर केलं, असा दावा मी करत नाही.

6. मुंबई–पुणे शर्यत सकाळी सुरू होऊन दुपारच्या आत संपते. ही दोन आठवडे कशी चालायची? मधे झोपायचे का?

हो, झोपायचे, जेवायचे, मालिशही करून घ्यायचे. मुंबई–पुणे ही एका दिवसाची शर्यत: जो आधी पोचला तो जिंकला. कूर्स क्लासिक ही टप्प्यांची. रोज एक वेगळी शर्यत, प्रत्येकाची वेळ नोंदवायची, रोजच्या वेळांची बेरीज करत जायची आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता सबंध शर्यत जिंकता येते आणि पाच टप्पे जिंकूनही हरता येतं.

टप्पे तीन जातींचे. एक, गावाहून गावाला जाणारा लांब रस्ता. दोन, एकट्याने घड्याळाशी लढायची टाइम ट्रायल, जिथे पुढच्याच्या पाठीमागे वाऱ्याचा आडोसा घेता येत नाही. तीन, क्रिटेरियम, म्हणजे गावातलेच चार-सहा चौक बंद करून त्यांना घातलेल्या असंख्य फेऱ्या. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत या तिसऱ्या जातीला फारसं स्थान नव्हतं. कूर्सने मात्र तिलाच हुकमाचा एक्का केलं. लांब टप्प्यात प्रेक्षक तासभर रस्त्याकडेला उभा राहतो आणि त्याच्यासमोरून घोळका वीस सेकंदांत सुर्रकन निघून जातो. क्रिटेरियममध्ये तोच घोळका दर दोन-तीन मिनिटांनी परत येतो. नॉर्थ बोल्डर पार्कभोवतीच्या फेऱ्या बघायला अख्खं गाव सतरंज्या टाकून बसायचं.

7. मॉर्गुल-बिस्मार्क हे काय प्रकरण आहे? एखाद्या जर्मन सेनापतीचं नाव आहे का?

मॉर्गुल ही मांजर आणि बिस्मार्क हा कुत्रा. ज्याने ही फेरी शोधून काढली त्या सायकलस्वाराची ही पाळीव जनावरं. जगातल्या सायकलप्रेमींच्या तोंडी असलेलं हे दबदब्याचं नाव मुळात एका घराच्या अंगणातलं आहे.

फेरी बोल्डरच्या दक्षिणेला, सुमारे 21 किलोमीटरची. झाडं जवळजवळ नाहीत, सगळा गवताळ माळ, त्यामुळे वाऱ्याला अडवणारं काही नाही. चढउतार सतत चालूच. आणि फेरीच्या शेवटी ‘द वॉल’ नावाचा चढ. आकडे ऐकून बोरघाट चढणारा माणूस हसेल, कारण तो चढ लांब नाही. पण तो एकदा चढायचा नसतो. प्रत्येक फेरीत येतो, प्रत्येक वेळी वारा तोंडावर असतो आणि पाचव्या-सहाव्या वेळेला भिंत हे नाव किती नेमकं आहे ते मांड्यांना कळतं. अनेक वर्षी शर्यतीचा निकाल इथेच लागला.

8. तिथे उंचीचा त्रास होतो म्हणतात. बोल्डर एवढं उंच आहे का?

बोल्डर गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,655 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखरावर जेवढी उंची, तेवढ्यावर तिथली मुलं शाळेत जातात. शर्यत जिथे जायची ते व्हेल गाव 2,400 मीटरच्या वर, आणि त्या राज्यातल्या मोठ्या खिंडी साडेतीन हजारांच्याही वर. अडीच हजार मीटरवर प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे पाऊण उरतो. सपाटीवरून आदल्या दिवशी आलेला खेळाडू तिथे माशासारखा तडफडतो.

याचा फायदा कुणाला झाला ते विजेत्यांच्या यादीत दिसतं (प्रश्न 9). 1982 मध्ये कोलंबियाचा पात्रोसिनिओ हिमेनेझ जिंकला. अँडीजच्या उंचीवर वाढलेला माणूस. पुढच्याच वर्षी कोलंबियाचा हौशी संघ टूर द फ्रान्सला गेला आणि हिमेनेझने पिरेनीजच्या तुर्माले घाटावर सर्वांच्या आधी माथा गाठला. युरोपला कोलंबियन ‘घाटाचे राजे’ तिथून पुढे ओळखीचे झाले. कोलोरॅडोने त्यांना वर्षभर आधी पाहिलं होतं.

9. सगळ्या विजेत्यांची यादी मिळेल का?

पुरुषांची देतो: 1975 आणि 1976 जॉन हॉवर्ड, 1977 वेन स्टेटिना, 1978 जॉर्ज माउंट, 1979 डेल स्टेटिना, 1980 जोनाथन बॉयर, 1981 ग्रेग लेमाँड, 1982 हिमेनेझ, 1983 पुन्हा डेल स्टेटिना, 1984 डग शपिरो, 1985 लेमाँड, 1986 बर्नार इनो, 1987 मेक्सिकोचा राऊल अल्काला, 1988 डेव्हिस फिनी. वेन आणि डेल हे सख्खे भाऊ. सुरुवातीची सात वर्षं फक्त अमेरिकी नावं आणि नंतर एकेक परदेशी नाव घुसत जातं. महिलांबद्दल प्रश्न 11 पाहा.

10. 1981 ची शर्यत एवढी का गाजली?

त्यासाठी एक वर्ष मागे जावं लागेल. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार घातला. तिथे रस्ता शर्यतीचं सुवर्णपदक सोव्हिएत संघाच्या सर्गेई सुखोरुचेन्कोवने घेतलं. तो त्या काळचा जगातला अव्वल हौशी सायकलपटू मानला जायचा. त्याच सुमाराला लेमाँड हा अमेरिकेचा सर्वांत होतकरू मुलगा घरी बसून राहिला. कुस्तीचा फड लागलाच नाही.

एझनरने तो फड 1981 मध्ये कोलोरॅडोत लावला. शीतयुद्ध ऐन रंगात, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा, आणि हा माणूस सोव्हिएत संघाला रॉकी पर्वतात घेऊन आला. लेमाँड तेव्हा 20 वर्षांचा, फ्रान्सच्या रेनॉ संघात नुकताच व्यावसायिक झालेला. शर्यतीत हौशी आणि व्यावसायिक एकत्र धावले हेही त्या काळात विशेष, कारण एरवी दोघांच्या पंगती वेगळ्या असत. सोव्हिएत खेळाडू एक संघ म्हणून आलटून पालटून हल्ले करत राहिले, लेमाँड चिकटून राहिला आणि जिंकला. बोल्डरच्या लोकांना त्या आठवड्यात सायकल शर्यत म्हणजे काय ते कळलं. माझ्या मते शर्यतीच्या चढत्या आलेखाचा खरा आरंभ 1975 नसून हा आहे.

11. महिलांची शर्यत होती की फक्त पुरुषांची?

पहिल्या वर्षापासून होती, आणि या एका बाबतीत कूर्स क्लासिक युरोपच्या पुढे होती. ऑलिंपिकमध्ये महिलांची रस्ता शर्यत 1984 पर्यंत नव्हतीच. टूर द फ्रान्सलाही महिलांची आठवण 1984 मध्येच झाली. बोल्डरमध्ये तोपर्यंत महिलांची टप्प्यांची शर्यत नऊ वर्षं धावून झाली होती. हॉलंडची केटी व्हान ऊस्टेन-हागे, फ्रान्सची जानी लाँगो अशा दिग्गज बाया इथे येऊन जिंकून गेल्या.

1984 मध्ये या मेहनतीचं पीक एकदम हाती आलं. लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्याच ऑलिंपिक रस्ता शर्यतीत कॉनी कार्पेंटरला सुवर्ण आणि रेबेका ट्विगला रौप्य. दोघींत अंतर होतं अर्ध्या चाकाचं. शेवटच्या क्षणी कॉनीने दोन्ही हात लांब करून सायकल पुढे ढकलली, शरीर मागे आणि चाक पुढे, आणि तेवढ्यावर ती जिंकली. ही युक्ती तिला नवऱ्याने शिकवली होती. तो नवरा म्हणजे प्रश्न 9 मधला शेवटचा विजेता डेव्हिस फिनी. त्याच उन्हाळ्यात महिलांची पहिली टूर द फ्रान्स मारियान मार्टिनने जिंकली. तीही बोल्डरचीच.

12. या शर्यतीत कुणी भारतीय होता का?

भारतीय पारपत्राचा कुणी नाही, पण रक्ताचं नातं सांगता येईल असा एक जण नक्की होता: अलेक्सी ग्रेवाल. वडील पंजाबातून अमेरिकेत गेलेले शीख, मुलगा कोलोरॅडोतल्या ॲस्पेनमध्ये वाढला. उंच, सडपातळ, तापट, आणि चढावर कुणालाही न ऐकणारा. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 190 किलोमीटरच्या रस्ता शर्यतीत त्याने कॅनडाच्या स्टीव्ह बाउअरला शेवटच्या धावेत मागे टाकून सुवर्ण जिंकलं. आपल्याकडे त्या ऑलिंपिकचं नाव काढलं की पी. टी. उषाचं शतांश सेकंदाने हुकलेलं पदक आठवतं. ग्रेवाल आडनावाचा माणूस त्याच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेऊन गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

13. पण तोच ग्रेवाल उत्तेजक चाचणीत सापडला होता ना?

सापडला होता, आणि तो याच शर्यतीत. ऑलिंपिकच्या तोंडावर झालेल्या 1984 च्या कूर्स क्लासिकमध्ये त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि 30 दिवसांची बंदी लागली. म्हणजे ऑलिंपिक हातचं गेलं. त्याने अपील केलं. दम्यासाठी घेत असलेल्या औषधामुळे चाचणीचा निकाल खात्रीचा मानता येईना आणि बंदी उठली. काही दिवसांत तो ऑलिंपिकच्या सुरुवातीच्या रेषेवर उभा होता.

कुणी याला ‘सुटला’ म्हणेल, कुणी ‘निर्दोष ठरला’. मी एवढंच म्हणेन की 1984 मध्ये उत्तेजकांचे नियम फार सैल होते. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकी सायकल संघातल्या काहींनी रक्त चढवून घेतल्याचं पुढे उघड झालं आणि तेव्हा ते नियमाने बंदसुद्धा नव्हतं. आजच्या चष्म्यातून त्या काळाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावं.

14. 1986 मध्ये इनो आणि लेमाँड यांचं भांडण इथे मिटलं की वाढलं? (आणि नाव ‘हिनॉल्ट’ आहे ना?)

आधी नाव: उच्चार ‘इनो’. हो, ॲसिडिटीच्या पुडीसारखाच.

दोघं ला व्ही क्लेअर या एकाच संघात. 1985 मध्ये लेमाँडने थांबून इनोला त्याची पाचवी टूर द फ्रान्स जिंकू दिली आणि इनोने ‘पुढच्या वर्षी तुझी पाळी’ असा शब्द दिला. 1986 आलं आणि इनो स्वतःच हल्ले करत सुटला. शेवटी लेमाँडच जिंकला, टूर जिंकणारा पहिला अमेरिकी ठरला, पण कडवटपणा उरला. त्यानंतर काही आठवड्यांतच दोघं कूर्स क्लासिकला आले. यजमान लेमाँड, गर्दी त्याची, देश त्याचा. जिंकला इनो, लेमाँड दुसरा.

मिटलं की वाढलं, याचं उत्तर त्या दोघांनाच ठाऊक. इनो त्याच नोव्हेंबरात 32 व्या वाढदिवशी निवृत्त झाला. म्हणजे पाच वेळा टूर जिंकलेल्या माणसाचं शेवटचं मोठं यश बोल्डरच्या चहावाल्याने सुरू केलेल्या शर्यतीतलं आहे. 1975 मध्ये हे कुणी सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

15. इतकी भरात असलेली शर्यत दोन वर्षांत बंद कशी पडली? लोक येईनासे झाले का?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न. लोक येतच होते. गर्दी कमी झाली म्हणून ही शर्यत मेली नाही. 1988 नंतर कूर्सने हात काढून घेतला आणि तेवढ्या ताकदीचं दुसरं कुणी पुढे आलं नाही, एवढंच ते कारण. पण ‘प्रायोजक गेला’ हे उत्तर अर्धवट आहे. प्रायोजक जातातच. एक प्रायोजक गेल्यावर सगळं का कोसळावं, हा खरा प्रश्न.

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचं अर्थशास्त्र मुळातच लंगडं. क्रिकेटला कुंपण असतं, फाटक असतं, तिकीट असतं. रस्ता सगळ्यांचा. लाख माणसं उभी राहिली तरी आयोजकाच्या खिशात दमडी पडत नाही. उलट जितकी गर्दी जास्त, तितके पोलीस, अडथळे, रुग्णवाहिका आणि झाडूवाले जास्त. यश वाढलं की खर्च वाढतो, उत्पन्न जागच्या जागी. ही भानगड फ्रान्समध्येही आहे, पण तिथे टूर ही वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी काढलेली शर्यत, तिच्या पाठीशी पिढ्यानुपिढ्यांची सवय आणि पुढे टेलिव्हिजनचा पैसा. कोलोरॅडोत यातलं काहीच नव्हतं. सगळा डोलारा एका धनादेशावर उभा.

दुसरं कारण माझं स्वतःचं मत आहे, पटलं तर घ्या. शर्यत बोल्डरभोवती फिरत होती तोवर ती गावाची होती. दुकानदार बक्षिसं देत, लोक खेळाडूंना घरी ठेवून घेत, स्वयंसेवक चौकात शिट्ट्या घेऊन उभे राहत. मग ती वाढली. वायोमिंग, नेवाडा, कॅलिफोर्निया, आणि शेवटी चक्क हवाई बेटं. हवाईला जायचं म्हणजे खेळाडू, सायकली, सुटे भाग, पंच, पत्रकार सगळं विमानात भरून समुद्रापार न्यायचं. जत्रा गावोगाव फिरवली की ती मोठी दिसते, पण ग्रामदैवताच्या देवळापासून तुटते. वर्गणी देणारं गाव मागे राहिलं आणि एकच सावकार उरला. त्याने वही मिटली तेव्हा धरून ठेवायला कुणी नव्हतं.

एझनरने चूक केली असं म्हणणं मात्र सोपं आहे. लहान ठेवली असती तर इनो आला नसता, आणि आपण आज हे लिहीत-वाचत बसलो नसतो.

16. शेवटच्या वर्षी काय झालं?

1988 मध्ये डेव्हिस फिनी जिंकला: बोल्डरचाच मुलगा, या शर्यतीची गर्दी बघत मोठा झालेला. तो मूळचा वेगाचा खेळाडू, चढावरचा नव्हे, त्यामुळे त्याने टप्पे ढिगाने जिंकले होते पण संपूर्ण शर्यत कधीच नाही. त्याच वर्षी वसंतात बेल्जियममधल्या लिएज–बास्तोन–लिएज शर्यतीत तो थांबलेल्या मोटारीच्या मागच्या काचेवर आदळला आणि चेहऱ्याला सुमारे 150 टाके पडले. काही महिन्यांत त्याने घरची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी शर्यतच नव्हती.

17. टूर डी ट्रम्प ही कूर्स क्लासिकचीच पुढची आवृत्ती ना? सगळीकडे तसंच लिहिलंय.

जागा तिने घेतली, वारसा नाही. 1989 पासून अमेरिकेतली मोठी टप्प्यांची शर्यत म्हणून टूर डी ट्रम्प सुरू झाली हे खरं, आणि हो, ट्रम्प म्हणजे तेच. पण ती देशाच्या पूर्व भागात होती, आयोजक वेगळे, मार्ग वेगळे. दोनच वर्षं ते नाव टिकलं. 1991 पासून रसायन कंपनीच्या नावाने ती टूर ड्यूपाँ झाली आणि 1996 नंतर तीही आटोपली. कारण विचारू नका, प्रश्न 15 पुन्हा वाचा.

18. कोलोरॅडोत पुन्हा कधी मोठी शर्यत झालीच नाही?

झाली, दोनदा, आणि दोन्ही वेळा तेच. 2011 ते 2015 यूएसए प्रो सायकलिंग चॅलेंज. रस्त्याकडेला तुफान गर्दी, टूर द फ्रान्समधले खेळाडू, आणि मालकांना तोटा. 2012 मध्ये डेन्व्हरची शेवटची टाइम ट्रायल टेलर फिनीने जिंकली, डेव्हिस आणि कॉनी यांचा मुलगा. नंतर 2017 ते 2019 कोलोरॅडो क्लासिक. शेवटच्या वर्षी तर आयोजकांनी पुरुषांची शर्यत बंद करून फक्त महिलांची ठेवली आणि क्लोई डायगर्टने चारही टप्पे जिंकले. कल्पना चांगली होती. 2020 मध्ये कोरोना आला आणि तीही थांबली.

19. जुने मार्ग नव्या शर्यतींनी का वापरले नाहीत? रस्ते तर तेच आहेत.

काही वापरले, काही वापरता आले नाहीत. ग्रँड जंक्शनजवळ कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंट नावाचा लाल कड्यांचा संरक्षित प्रदेश आहे. तिथला कूर्स क्लासिकचा टप्पा ‘टूर ऑफ द मून’ म्हणून प्रसिद्ध होता. 1985 च्या ‘अमेरिकन फ्लायर्स’ या हॉलिवूडपटातली शर्यत ज्यांनी पाहिली असेल त्यांनी तो रस्ता पाहिलेला आहे. 2011 मध्ये नव्या शर्यतीने तिथे टप्पा मागितला, पण राष्ट्रीय उद्यान खात्याने नकार दिला: व्यापारी कार्यक्रमासाठी संरक्षित भागातला रस्ता लोकांना बंद करता येणार नाही. ऐंशीच्या दशकात चाललं ते आता चाललं नाही. हौशी मंडळींची टूर ऑफ द मून नावाची सायकल फेरी मात्र तिथे होते. तिच्यात स्पर्धा नाही, ज्याला जसं जमेल तसं चढायचं.

मॉर्गुल-बिस्मार्कची अडचण निराळी. त्या ओसाड माळावर आता घरं आणि दुकानं उगवली आहेत. चढ जागेवर आहे, एकांत गेला.

20. मी नातेवाइकांकडे डेन्व्हरला जाणार आहे. ‘द वॉल’ चढून बघता येईल का?

येईल, सार्वजनिक रस्ता आहे. दोन सूचना. पोचल्याच्या दिवशी जाऊ नका, किमान तीन-चार दिवस उंचीची सवय होऊ द्या (प्रश्न 8). आणि वाहतूक उजवीकडून असते हे वळणावर विसरू नका. आपलं शरीर थकलं की आपोआप डावीकडे जातं.

21. रेड झिंगर अजून मिळतो का?

मिळतो, तिथल्या कुठल्याही किराणा दुकानात. कंपनी मधल्या काळात क्राफ्ट या मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीकडे गेली, पुन्हा सुटली, पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, पण चहा आहे. साखर न घालता पिऊन बघा, नाहीतर घरी लाल अंबाडीची सुकी बोंडं उकळा. रंग तोच येतो.